कीबोर्डचं बटण बदलायचंय? आधी ठरवा, कुठल्या पायरीवर

लॅपटॉपचं एखादं बटण बंद पडलं की पहिला सल्ला मिळतो, "कीबोर्डच बदलून घ्या." बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलसकट बदलावा लागतो, त्यामुळे एका बटणापायी मोठा खर्च समोर उभा राहतो. दुसरीकडे त्याच कीबोर्डवर कॅप्स लॉक, उजवा कंट्रोल, स्क्रोल लॉक अशी बटणं असतात, ज्यांना आपण महिनोन्महिने हात लावत नाही. बंद पडलेल्या बटणाचं काम अशा रिकाम्या बटणाला देता येतं. यालाच रीमॅपिंग म्हणतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

पण रीमॅपिंग करणाऱ्या अनेकांची तक्रार सारखीच असते. "ब्राउझरमध्ये नीट चालतं, पण लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड टाकताना चालत नाही." किंवा, "इंग्रजीत अक्षर येतं, मराठीत येत नाही." यात सॉफ्टवेअर खराब नसतं. बदल चुकीच्या पायरीवर केलेला असतो. म्हणून या लेखात आधी या पायऱ्या समजून घेऊ आणि मग विंडोज, मॅक आणि लिनक्सवर प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू.

बटण दाबल्यावर नक्की काय होतं?

बटणावर "ए" छापलेलं असतं म्हणून कीबोर्ड "ए" हे अक्षर पाठवतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कीबोर्डला अक्षरं कळतच नाहीत. तो फक्त "अमुक जागेवरचं बटण दाबलं" आणि "सोडलं" एवढंच आकड्यात सांगतो. त्या आकड्याचं अक्षर व्हायला चार पायऱ्या लागतात.

पहिली पायरी: कीबोर्डमधली चिप. बटणांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. कुठली आडवी आणि कुठली उभी तार जोडली गेली, हे चिप सतत तपासते आणि त्यावरून बटणाचा क्रमांक कळवते. यूएसबीच्या प्रमाणित तक्त्यात "ए"चा क्रमांक 4 आहे आणि कॅप्स लॉकचा 57.

दुसरी पायरी: ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर. तो हा क्रमांक स्वतःच्या क्रमांकात बदलतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये "ए" 30 होतो आणि कॅप्स लॉक 58. हे आकडे जुन्या पीसी कीबोर्डच्या स्कॅनकोडवरून आले आहेत आणि विंडोजही हेच स्कॅनकोड वापरतं.

तिसरी पायरी: लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी. अक्षर इथे जन्माला येतं. इंग्रजी लेआउट चालू असेल तर 30 चा अर्थ "ए", मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्याच 30 चा अर्थ ओकाराची मात्रा. बटण तेच, आकडा तोच, फक्त तक्ता बदलला.

चौथी पायरी: ॲप. कंट्रोल आणि "एस" एकत्र दाबले की फाइल सेव्ह करायची, हे त्या त्या ॲपमध्ये ठरतं.

बदल यातल्या कुठल्याही पायरीवर करता येतो. जितका वरच्या, म्हणजे कीबोर्डजवळच्या पायरीवर कराल, तितका तो जास्त ठिकाणी लागू होतो. जितका खाली, तितका मर्यादित.

"जे" बंद पडला म्हणजे "र" गेला

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी हे किती महत्त्वाचं आहे ते एका उदाहरणाने पाहू. 1991 च्या भारतीय मानकात असलेली इनस्क्रिप्ट मांडणी आजही विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळते. त्यात "जे"च्या बटणावर र असतो आणि शिफ्टसोबत तेच बटण दाबलं की ऱ येतो. "दर्या" आणि "दऱ्या" हा फरक याच बटणावर अवलंबून आहे. "दर्या" लिहिताना द, मग नुसतं "जे", मग पाय मोडायला "डी", आणि पुढे या. "दऱ्या" लिहिताना सगळं तेच, फक्त "जे" शिफ्टसह.

आता समजा हे बटण बंद पडलं. इंग्रजीत "जे" क्वचित लागतो, चालून जाईल. पण मराठीत र नसेल तर "मराठी" हा शब्दसुद्धा लिहिता येत नाही.

इथे दोन उपाय दिसतात. एक, कॅप्स लॉक दाबलं की "र हे अक्षर टाका" असं सांगायचं. दोन, कॅप्स लॉक दाबलं की "जे या जागेचं बटण दाबलं असं समजा" असं सांगायचं. पहिल्या उपायात फक्त र मिळतो. इंग्रजी लिहिताना त्या बटणावर पुन्हा र च उमटेल आणि शिफ्ट दाबून ऱ मिळणार नाही. दुसऱ्या उपायात बदल लेआउटच्या आधी होतो, त्यामुळे इंग्रजीत "जे", मराठीत र आणि शिफ्टसह ऱ, सगळं आपोआप परत येतं.

सोपा नियम लक्षात ठेवा: बटण बंद असेल तर बटणाच्या बदल्यात बटण द्या. एखादं अक्षर हवं असेल, जे लेआउटमध्ये नाहीच, तेव्हाच बटणाला अक्षर द्या.

सुरू करण्याआधी चार गोष्टी

1. बटण खरंच बंद आहे का ते तपासा. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि "ओ" एकत्र दाबलं की ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो. खरं बटण दाबल्यावर पडद्यावरचं बटण उजळलं तर क्रमांक पोचतोय, म्हणजे घोटाळा सॉफ्टवेअरमध्ये आहे. लिनक्सवर हेच काम ईव्हीटेस्ट नावाचं छोटं साधन करतं.

2. कुठलं बटण द्यायचं ते विचार करून ठरवा. कॅप्स लॉक सर्वात सोयीचं, कारण ते करंगळीखाली आहे. उजवा ऑल्ट देण्याआधी थांबा. भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि 4 दाबून ₹ येतो. तो लागत असेल तर उजवा कंट्रोल किंवा मेनूचं बटण द्या.

3. एफएन बटणाच्या नादी लागू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते कीबोर्डच्या आतच हाताळलं जातं. त्याचा क्रमांक ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचतच नाही, मग बदलणार काय?

4. परतीचा रस्ता आधी शोधून ठेवा. पासवर्डमधलं एखादं अक्षर नव्या रचनेत टाइपच होत नसेल तर तुम्ही स्वतःच्याच कॉम्प्युटरबाहेर अडकाल. ऑन-स्क्रीन कीबोर्ड लॉगिन स्क्रीनवरही ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून उघडता येतो. तो कसा उघडायचा ते आजच एकदा करून पाहा. जवळ एखादा साधा यूएसबी कीबोर्ड असेल तर आणखी चांगलं.

विंडोज: दोन मार्ग, दोन वेगळ्या पायऱ्या

पहिला मार्ग: पॉवरटॉइज. हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन आहे. त्यात "कीबोर्ड मॅनेजर" उघडा, "रीमॅप अ की" निवडा, डावीकडे कॅप्स लॉक आणि उजवीकडे "जे" द्या, सेव्ह करा. बदल लगेच लागू होतो, रीस्टार्ट लागत नाही. एखादं बटण आपोआप सतत दाबलं जात असेल तर त्याला "डिसेबल" करण्याची सोयही इथेच आहे. फक्त एका ठरावीक ॲपपुरता शॉर्टकट बदलायचा असेल तर तोही बदलता येतो.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या. पॉवरटॉइज हे विंडोजवर चालणारं एक ॲप आहे. ते चालू असेल तोपर्यंतच बदल लागू असतो. लॉगिन स्क्रीनवर ते चालत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या विंडोमध्येही ते चालत नाही, जोपर्यंत पॉवरटॉइज स्वतः ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आणि विंडोज-एल हे दोन शॉर्टकट विंडोजने स्वतःकडे राखून ठेवले आहेत, ते बदलत नाहीत.

दुसरा मार्ग: रजिस्ट्रीतला स्कॅनकोड मॅप. विंडोज 2000 पासून रजिस्ट्रीत "स्कॅनकोड मॅप" नावाची नोंद ठेवता येते. कुठल्या क्रमांकाऐवजी कुठला क्रमांक समजायचा, याची ती यादी असते. ड्रायव्हरच्या पायरीवर हा बदल होत असल्यामुळे तो लॉगिन स्क्रीनवरही चालतो, प्रत्येक युजरला लागू होतो आणि पार्श्वभूमीत कुठलंही ॲप चालू ठेवावं लागत नाही. ही नोंद हाताने लिहिणं किचकट आहे, एक आकडा चुकला तरी भलतंच बटण बदलतं. त्यापेक्षा शार्पकीज हे मोफत, मुक्त स्रोत साधन वापरा. त्यात दोन याद्यांमधून बटणं निवडायची, "राइट टू रजिस्ट्री" दाबायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा.

याच्याही दोन मर्यादा आहेत. ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुधा आयटी विभागाची परवानगी घ्यावी लागेल. आणि हा बदल जोडलेल्या सगळ्या कीबोर्डना लागू होतो. फक्त लॅपटॉपच्या कीबोर्डसाठी वेगळा आणि बाहेरच्या कीबोर्डसाठी वेगळा, असं करता येत नाही.

म्हणजे बंद पडलेलं अक्षर पासवर्डमध्ये असेल तर शार्पकीज. फक्त सोयीसाठी बदल करून पाहायचा असेल तर पॉवरटॉइज.

नव्या लॅपटॉपवरचं कोपायलट बटण ही एक वेगळी गंमत आहे. 2024 पासून आलेल्या अनेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी हे बटण आहे. ते एक क्रमांक पाठवत नाही. डावं विंडोज, डावं शिफ्ट आणि एफ 23 असं तीन बटणांचं मिश्रण पाठवतं. त्यामुळे "रीमॅप अ की" मध्ये ते नीट बदलत नाही. पॉवरटॉइजमध्ये "रीमॅप अ शॉर्टकट" मध्ये जाऊन हे पूर्ण मिश्रण निवडा आणि त्याला उजवा कंट्रोल द्या.

मॅक: साधी बटणं सोपी, अक्षरांसाठी वेगळं साधन

मॅकमध्ये "सिस्टिम सेटिंग्ज", मग "कीबोर्ड", मग "कीबोर्ड शॉर्टकट्स", आणि त्यात "मॉडिफायर कीज" असा रस्ता आहे. इथे कॅप्स लॉक, कंट्रोल, ऑप्शन, कमांड यांची कामं आपसात बदलता येतात. कॅप्स लॉकला एस्केप करता येतं, किंवा "नो ॲक्शन" देऊन गप्प बसवता येतं. याच पानावर वर कीबोर्ड निवडायची यादी असते. प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी रचना ठेवता येते हा मॅकचा मोठा फायदा. विंडोजसाठी बनवलेला कीबोर्ड मॅकला जोडलात तर ऑप्शन आणि कमांड उलटे वाटतात. इथे त्यांची अदलाबदल त्या एका कीबोर्डपुरती करा, मॅकचा स्वतःचा कीबोर्ड जसाच्या तसा राहील.

पण कॅप्स लॉकला "जे" करणं या पानावर शक्य नाही. त्यासाठी कॅराबिनर-एलिमेंट्स हे मोफत साधन वापरतात. इन्स्टॉल केल्यावर मॅक "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" मध्ये परवानग्या मागतो. त्या दिल्याशिवाय काहीच होत नाही. लक्षात घ्या, असं साधन तुमचं प्रत्येक बटण वाचू शकतं. म्हणून ते कायम अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. हा सल्ला विंडोज आणि लिनक्सलाही तितकाच लागू आहे.

लिनक्स: सर्वात जास्त मोकळीक, सर्वात जास्त गोंधळ

लिनक्सवर शोध घेतला की अजूनही एक्समॉडमॅपचे जुने लेख समोर येतात. ते एक्स विंडो सिस्टिमच्या काळातले आहेत. आज बहुतेक डिस्ट्रिब्युशन वेलँड वापरतात आणि तिथे एक्समॉडमॅपचा भरवसा धरता येत नाही. आजच्या घडीला तीन रस्ते उपयोगाचे आहेत.

तयार पर्याय निवडणं. ग्नोममध्ये "ट्वीक्स" हे ॲप घ्या, कीबोर्ड विभागात "ॲडिशनल लेआउट ऑप्शन्स" उघडा. केडीईमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्येच अशी यादी मिळते. कॅप्स लॉकचा कंट्रोल किंवा एस्केप करणं, दोघांची अदलाबदल, भाषा बदलण्याचं बटण ठरवणं, हे सगळं एका टिकेत होतं. हा बदल लेआउटच्या पायरीवर, तोही तुमच्या युजरपुरता होतो, म्हणून लॉगिन स्क्रीनवर तो दिसेलच असं नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये संपूर्ण सिस्टिमसाठी तोच पर्याय ठेवायची वेगळी फाइल असते, तिचं नाव "कीबोर्ड" आणि ती ईटीसी फोल्डरमधल्या "डीफॉल्ट" फोल्डरमध्ये सापडते.

कीडी वापरणं. हा एक छोटा प्रोग्राम पार्श्वभूमीत चालतो आणि कर्नलकडून आलेले क्रमांक लेआउटपर्यंत पोचण्याआधी बदलतो. त्यामुळे एक्स असो, वेलँड असो, की काळ्या पडद्यावरचं टर्मिनल, सगळीकडे सारखंच चालतं. सेटिंगची फाइल वाचायला सोपी आहे: एका ओळीत डावीकडे बटणाचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे नवं काम. फाइलच्या सुरुवातीला कुठल्या कीबोर्डला हे लागू करायचं ते लिहिता येतं. काही बिघडलंच तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा, कीडी ताबडतोब बंद होतो. ही तीन बटणं कागदावर लिहून ठेवा.

यूडेव्हच्या हार्डवेअर यादीत नोंद करणं. कीबोर्डने पाठवलेला क्रमांक कर्नलने काय समजायचा, हे इथे ठरवता येतं. लॅपटॉपचं एखादं खास बटण लिनक्सवर अजिबात ओळखलं जात नसेल तर हा योग्य रस्ता. रोजच्या सोयीसाठी एवढ्या खोलात जायची गरज नाही.

कीबोर्डच्या आतच बदल

अनेक मेकॅनिकल कीबोर्ड क्यूएमके नावाच्या मुक्त स्रोत फर्मवेअरवर चालतात. व्हीआयए नावाच्या ॲपमधून त्यांची बटणं माउसने बदलता येतात आणि ती रचना कीबोर्डच्याच मेमरीत राहते. तो कीबोर्ड कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, बदल सोबत येतो. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीचा बायोसचा पासवर्ड टाकतानाही तो चालतो, जे वरच्या कुठल्याच सॉफ्टवेअर उपायाला जमत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल करायची मुभा नसेल, तरी हा मार्ग उघडा असतो. घेण्याआधी त्या मॉडेलला व्हीआयए चालतं का, एवढं पाहून घ्या.

एका बटणाची दोन कामं

प्रोग्रामर मंडळींमध्ये एक रचना खूप लोकप्रिय आहे: कॅप्स लॉक नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर एस्केप, धरून ठेवलं तर कंट्रोल. याला जुना इतिहास आहे. 1981 च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर "ए"च्या डावीकडे कंट्रोलच होतं. कॅप्स लॉक तिथे नंतर आलं. आणि व्हीआय हा एडिटर ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर घडला, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. म्हणून व्हीआयमध्ये एस्केप इतक्या वेळा लागतं, आणि म्हणूनच आजच्या कीबोर्डवर त्यासाठी हात ताणावा लागतो.

कीडी, कॅराबिनर आणि क्यूएमके तिन्हींमध्ये असं दुहेरी काम देता येतं. फक्त टिचकी की धरणं, हे ठरवायला थोडा वेळ लागतो. क्यूएमकेमध्ये ही मर्यादा मुळात 200 मिलिसेकंद असते. तुम्ही भरभर टाइप करत असाल तर चुकीचे शॉर्टकट लागू शकतात. अक्षरांच्या बटणांना अशी दोन कामं देण्याआधी आठवडाभर फक्त कॅप्स लॉकवर सवय करून पाहा.

रीमॅपिंग नको, हे पुरेल

बटण बंद नाही, उलट एकदा दाबलं की दोनदा उमटतं, अशी तक्रार असेल तर रीमॅपिंग करू नका. विंडोजच्या "फिल्टर कीज" मध्ये "बाउन्स कीज" असा पर्याय आहे, ग्नोमच्या ॲक्सेसिबिलिटीतही आहे. एकच बटण ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबलं गेलं तर ते दुर्लक्षित होतं. वेळ कमीत कमी ठेवा, नाहीतर "लेटर" या इंग्रजी शब्दातला दुसरा "टी" गळेल. इनस्क्रिप्टमध्ये हा त्रास कमी होतो, कारण "क्क" लिहिताना मध्ये पाय मोडायचं बटण येतंच.

शिफ्ट आणि अक्षर एकत्र दाबणं हाताला जमत नसेल तर "स्टिकी कीज" चालू करा. मग शिफ्ट दाबून सोडायचं आणि नंतर अक्षर दाबायचं. विंडोजमध्ये शिफ्ट सलग 5 वेळा दाबलं की हे चालू करायचं का, असं विचारलं जातं.

लेआउटमध्ये नसलेलं अक्षर: ॲ

वर म्हटलं तसं, बटणाला थेट अक्षर द्यायची वेळही येते. उत्तम उदाहरण म्हणजे "ॲप"मधला ॲ. युनिकोडमध्ये हे अक्षर 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. जुन्या इनस्क्रिप्ट मांडणीत त्याला जागा नव्हती. म्हणून अनेक जण अ लिहून त्यावर चंद्र देतात. दिसायला ते सारखंच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही.

तुमच्या लेआउटमध्ये ॲ नसेल तर पॉवरटॉइजच्या "रीमॅप अ शॉर्टकट" मध्ये न लागणारा एखादा शॉर्टकट निवडा, "सेंड टेक्स्ट" घ्या आणि तिथे ॲ पेस्ट करा. लिनक्सवर यासाठी कंपोझ की वापरतात: आधी कंपोझ, मग तुम्ही ठरवलेली दोन बटणं, आणि अक्षर तयार.

नेहमी येणाऱ्या अडचणी

बदल केला पण काहीच झालं नाही. शार्पकीज वापरलं असेल तर रीस्टार्ट राहिलाय का पाहा. पॉवरटॉइज असेल तर ते चालू आहे का आणि समोरची विंडो ॲडमिनिस्ट्रेटरची आहे का ते पाहा.

अदलाबदल केली, तरी सगळं पूर्वीसारखंच. दोन ठिकाणी बदल केलेला असू शकतो. कंट्रोल आणि कॅप्स लॉकची अदलाबदल कीबोर्डमध्येही केली आणि विंडोजमध्येही, तर दोन्ही मिळून मूळ स्थिती परत येते. एकाच पायरीवर एकच बदल ठेवा.

घरातल्या इतरांना त्रास होतोय. कॉम्प्युटर दोघं-तिघं वापरत असतील तर शार्पकीजचा बदल सगळ्यांना लागू होतो. अशा वेळी आपल्या युजरखात्यात पॉवरटॉइज बरं. बटणावर छोटा स्टिकर लावला तरी बराच गोंधळ टळतो.

कुणी काय निवडावं?

पासवर्डमधलं अक्षर बंद असेल तर ड्रायव्हरच्या पायरीवर बदल करा: विंडोजवर शार्पकीज, लिनक्सवर कीडी. फक्त सोयीसाठी कॅप्स लॉक बदलायचं असेल तर मॅक आणि लिनक्समधली तयार सेटिंग किंवा विंडोजवर पॉवरटॉइज पुरे. अनेक कॉम्प्युटरवर काम असेल तर क्यूएमके-व्हीआयए असलेला कीबोर्ड. कुठलाही बदल केल्यावर तीन ठिकाणी तपासा: इंग्रजीत, मराठीत, आणि एकदा लॉक करून पासवर्ड टाकताना. तिन्हीकडे चालला तरच काम झालं असं समजा.